माळ्यावरची कॅसेट, भाग दुसरा

अण्णा टीव्हीकडे पाठ करून सिनेमा बघायचे. म्हणजे सिनेमा बाकीच्यांनी बघायचा आणि अण्णांनी बाकीच्यांना. भुताखेतांची कॅसेट लावली की ते पाट घेऊन टीव्हीसमोर बसत, तोंड आमच्याकडे आणि नजर आमच्या पायांवर. "तोंड खोटं बोलतं," ते म्हणायचे. "माणूस आतून टरकला तरी वरून हसतो. पायाची बोटं बघायची. ती आत वळली की काम झालं." कुणी पाय साडीखाली ओढून घेतले तर सरळ सांगायचे, पाय बाहेर काढा. मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसले तेव्हा मला मोजे काढायला लावले होते. तेव्हा मला या माणसाची फार गंमत वाटली. आज ते आठवलं तरी डोक्यात तिडीक जाते.

मी त्यांना अजूनही अहो-जाहो करते ते सवयीने, मानाने नव्हे.

अण्णा म्हणजे माझ्या घरमालकीणबाईंचे, अक्कांचे, धाकटे भाऊ. नव्वदच्या दशकाच्या मध्यात मी पुण्याहून नोकरीसाठी बेंगळुरात आले. कंपनी इलेक्ट्रॉनिक सिटीत, आणि कंपनीची बस इंदिरानगरच्या कोपऱ्यावरून सुटायची, म्हणून मी तिथे जागा शोधत होते. अक्कांच्या बंगल्याचा वरचा मजला रिकामा होता. लाल फरशी, मोठ्या खिडक्या, फाटकाशी सोनचाफा, आणि भाडं इतकं कमी की मी दोनदा विचारून खात्री केली. इतकं चांगलं घर इतके महिने रिकामं कसं, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

उत्तर रिक्षावाल्याने दिलं. सामान घेऊन आले त्या दिवशी त्याने रिक्षा कोपऱ्यावरच उभी केली. "इधरच उतरो मेडम. वो कॅसेटवाला घर है." कसली कॅसेट, असं मी विचारलं तर त्याने डोळे मोठे केले, माझी बॅग खाली ठेवली आणि सुटे पैसेसुद्धा न घेता निघून गेला. बेंगळुरातला रिक्षावाला सुटे पैसे सोडून गेला, यावरूनच मी काय ते समजायला हवं होतं.

अक्कांचं माहेर बेंगळुरातल्याच जुन्या पेठेतलं. कापडाच्या व्यापारातलं जुनं मराठी घराणं, किती पिढ्या बेंगळुरात गेल्या ते त्यांनाही सांगता यायचं नाही. मराठी बोलता बोलता त्या कन्नडात शिरायच्या आणि परत यायच्या, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्यासारख्या. यजमान सरकारी कारखान्यात होते. त्यांनी हे घर उभं केलं आणि थोड्याच वर्षांत गेले. मूलबाळ नाही. अक्कांना माणसांची विलक्षण हौस. दूधवाल्यालासुद्धा "स्वल्प बस रे, कॉफी घे" म्हणणारी ही बाई, आणि तिच्या घरी कुणी फिरकत नव्हतं. हे सगळं तिच्या सख्ख्या भावाने करून ठेवलं होतं.

अण्णांनी दुकानाच्या गादीवर बसायला नकार देऊन व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. लग्नं, मुंजी, बारशी यांचं शूटिंग करायचे. कॅमेऱ्याला तिकाटणं कधी लावलं नाही. "हललं की खरं वाटतं," हे त्यांचं आणखी एक वाक्य. आणि मुहूर्ताच्या वेळी सगळा मंडप अक्षता टाकत असताना हे गृहस्थ मागच्या बाजूला जेवणाच्या रिकाम्या हॉलचं शूटिंग करत असायचे. पानं मांडलेली, पाण्याचे पेले भरलेले आणि माणूस एकही नाही. वधूपिता बोंबलायचा. अण्णा शांतपणे म्हणायचे, "अक्षता सगळेच घेतात. हे कोण घेणार?"

एका लग्नात त्यांनी जिन्याखाली एकटीच रडत बसलेली नवऱ्यामुलाची थोरली वहिनी टिपली. तिला कळलंसुद्धा नाही. ते तसंच कॅसेटमध्ये ठेवलं, मंगलाष्टकांच्या लगेच नंतर. सगळ्या नातेवाइकांनी दिवाणखान्यात बसून ते पाहिलं. त्या बाईचं पुढे काय झालं असं मी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "तिचं मला काय ठाऊक? पण शॉट काय आला होता!" मी हसले होते. अक्का हसल्या नाहीत, उठून आत गेल्या.

आता त्या कॅसेटबद्दल. वरचा मजला रिकामा असताना अण्णांनी तिथे एक सिनेमा केला. सिनेमा म्हणून नव्हे, ही त्यातली मेख. एक कुटुंब नवीन घरात राहायला येतं, हौसेने घरच्या घरी शूटिंग करतं, आणि हळूहळू त्या शूटिंगमध्ये नको ते दिसायला लागतं. शेवटी कुटुंब पळून जातं, कॅसेट माळ्यावर राहते. सुरुवातीला नाव नाही, शेवटी नाव नाही, संगीत नाही. फक्त एक पाटी: ही कॅसेट इंदिरानगरातल्या एका घराच्या माळ्यावर सापडली. ती त्यांनी केबलवाल्याला दिली आणि त्याने एका संध्याकाळी सगळ्या भागात दाखवली.

हल्ली अशा सिनेमांचं पेव फुटलंय. सापडलेली कॅसेट, हलणारा कॅमेरा, झपाटलेलं घर. आणि पहिला चालला की दुसरा भाग, दुसरा चालला की तिसरा. माझा भाचा ते आवडीने बघतो. अण्णांची गोष्ट सांगितली तर म्हणाला, "मावशी, हा माणूस काळाच्या पुढे होता." होता. पुढे गेला तो अक्कांच्या अंगावरून.

तो पहिला भाग मी नंतर पाहिला. मला विचाराल तर सामान्य. कपाटाचं दार आपोआप उघडतं, वरून ओले कपडे आपटल्याचा आवाज येतो, दिवे जातात. दाराला बांधलेला मांजा एका ठिकाणी चक्क दिसतो. पण लोक कपाटाला घाबरले नव्हते. त्यांना घाबरवलं ते सुरुवातीच्या दोन मिनिटांनी. कुटुंब रिक्षातून उतरतं तेव्हा मागे ते फाटक दिसतं आणि तो सोनचाफा. सगळ्या गल्लीने घर ओळखलं. रोज ज्या घरावरून दूध आणायला जायचं ते घर. अण्णांना ते फाटक वगळता आलं असतं, पण त्यांनी मुद्दाम ठेवलं.

अक्कांना त्याचा फटका बसला तो दसऱ्याला. बेंगळुरात दसऱ्याला, म्हणजे नवरात्राचे सगळे दिवस, घरोघर बाहुल्या मांडतात. पायऱ्या करून त्यावर लाल कापड आणि वरच्या पायरीवर राजा-राणीची लाकडी जोडी, जी मुलीला लग्नात माहेरून मिळते. रोज संध्याकाळी गल्लीतल्या बायका एकमेकींकडे बाहुल्या बघायला जातात, हळदकुंकू घेतात, पोरं फाटकाफाटकातून ओरडत फिरतात, "गोंबे कूर्सिदीरा?" बाहुल्या बसवल्यात का? बसवल्या असतील तर उसळ मिळते. अक्कांच्या बाहुल्या त्या भागात नावाजलेल्या होत्या. यजमान गेल्यावरही त्यांनी बाहुल्या आणि हळदकुंकू सोडलं नव्हतं, आणि गल्लीतल्या बायकांनीही त्यात कधी खोट काढली नव्हती. मी आले त्या वर्षी त्यांनी रोज पातेलंभर उसळ केली, रोज नवी साडी नेसून दारात बसल्या. पोरं शेजारच्या फाटकात ओरडायची आणि आमचं फाटक आलं की आवाज बंद करून पळत सुटायची. शेजारच्या टीचरम्मा, ज्या इतकी वर्षं सगळ्यात आधी यायच्या, त्यासुद्धा आल्या नाहीत. उसळ मी डब्यात भरून कंपनीत नेत होते. बसमधले लोक म्हणायचे, तुमची घरमालकीण फारच प्रेमळ दिसते.

नवव्या दिवशी अक्का दारातल्या पायरीवर बसून रडल्या. "नवरा गेला तेव्हा पण इतकं एकटं नाही वाटलं गं," त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षी श्रावण संपता संपता त्यांनी अण्णांना जेवायला बोलावलं. अण्णांच्या आवडीचं सगळं केलं होतं. ताक वाढताना म्हणाल्या, "तम्मा," धाकट्या भावाला त्या अशीच हाक मारायच्या, "एक मागू? देशील?"

"माग की अक्का."

"तू सगळ्यांना दाखवलंस ना घरात भूत आहे म्हणून? आता नाही म्हणून दाखव. तसंच टीव्हीवर. दार कसं उघडलंस, आवाज कसा केलास, सगळं. लोकांनी बघू दे, हसू दे. मग येतील. मला दुसरं काही नको रे. दसऱ्याला माणसं यायला हवीत."

अण्णांनी हात न धुता बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. दुसरा भाग करू." आणि असं प्रसन्न हसले की अक्कांचे डोळे भरून आले. त्यांनी भावाला शेवयाची खीर आणखी वाढली.

दसऱ्याआधी बाहुल्या पेटीतून काढत नाहीत. पण अण्णा म्हणाले, बाहुल्या मांडलेलं घर दिसलं पाहिजे, तरच लोकांना ओढ लागेल. अक्कांनी देवापुढे साखर ठेवून माफी मागितली आणि पेटी उघडली. शूटिंग एका रविवारी दिवसाउजेडी झालं. आधी युक्त्यांचा भाग. अण्णांनी मांजा दाखवला, कपाट दाखवलं, मोरीतल्या दगडावर ओलं धोतर आपटून दाखवलं. मलाही उभं केलं: "ही वर राहते. विचारा हिला." मी कॅमेऱ्यात बघून सांगितलं की मला इथे मजेत झोप लागते. मग अक्का. बाहुल्यांच्या पायऱ्यांपुढे खुर्ची टाकली, त्या जरीची साडी नेसून बसल्या आणि कन्नडात बोलल्या, आधी घाबरत, मग मोकळ्या होत. हे घर माझ्या यजमानांनी बांधलं. इथे मी इतकी वर्षं एकटी राहते. इथे काहीही नाही. माझ्या भावाने गंमत केली, त्याच्यावर रागावू नका. यंदा बाहुल्या बघायला या. नक्की या.

मध्ये मध्ये अण्णा थांबवत होते. बॅटरी गरम झाली, टेप अडकली, अक्का पाणी पी. स्वतःच्या पायांभोवती त्यांनी खडूने खुणा करून ठेवल्या होत्या आणि प्रत्येक वेळी त्याच खुणांवर परत उभे राहत होते. प्रत्येक वेळी अक्का पाणी प्यायला आत जायच्या, मी पेला घेऊन त्यांच्या मागे. अण्णा त्या खोलीत एकटेच असायचे. परत आलो की अक्कांना लगेच कॅमेऱ्याकडे बघायला लावायचे आणि मला दाराबाहेरच थांबवायचे.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात केबलवर तो दुसरा भाग लागला. अक्कांनी टीचरम्मांना स्वतः जाऊन बोलावलं होतं, आमच्याकडेच बघा म्हणून. आणि टीचरम्मा आल्या! वर्षाहून जास्त काळानंतर त्यांनी त्या घराचा उंबरा ओलांडला. अक्कांना कुठे बसवू आणि काय देऊ असं झालं. अण्णा पाट घेऊन टीव्हीला पाठ करून बसले.

युक्त्यांचा भाग सुरू झाला आणि टीचरम्मा हसायला लागल्या. मांजा दिसला तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "अय्यो, एवढ्यासाठी आम्ही घाबरलो?" धोतर आपटण्यावर तर आम्ही सगळ्याच हसलो. खोलीतली भीती निघून गेली, खुर्चीत माणसं सैल बसली. मग अक्का पडद्यावर आल्या. साधी, गोड, खरी बाई. बोलायला लागल्या. हे घर माझ्या यजमानांनी बांधलं. आणि त्यांच्या मागे, वरच्या पायरीवर, राणीचं तोंड भिंतीकडे होतं.

कॅमेरा थोडा हलला, खिडकीकडे गेला, परत आला. इथे मी एकटी राहते, अक्का म्हणाल्या, आणि राणी अर्धी वळलेली होती. कॅमेरा परत हलला. इथे काहीही नाही, अक्का म्हणाल्या, आणि राणी सरळ अक्कांच्या मानेकडे बघत होती, वरच्या नव्हे, त्यांच्या लगतच्या पायरीवरून. अक्कांना यातलं काहीच ठाऊक नाही हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं, कारण त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. असा अभिनय कुणाला करता आला नसता. बाहुल्या बघायला या, त्या म्हणाल्या. राणी कुठेच नव्हती. नक्की या, म्हणून अक्का हसल्या, आणि पडदा निळा झाला.

मला युक्ती कळली होती. खडूच्या खुणा आठवल्या, पाण्याचे पेले आठवले. तरी मानेवर काटा आला. खोटं कशाला बोलू, मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही सिनेमाला इतकी घाबरले नाही. पहिल्या भागात आवाज होते, दुसऱ्यात एक आवाज नव्हता. आधी हसवून सैल केलं आणि मग एका भल्या बाईच्या खरेपणावरच सगळी भीती उभी केली. काम अस्सल होतं. म्हणूनच जास्त राग येतो. वाईट कलावंताने घात केला असता तर निदान फसला तरी असता.

टीचरम्मा उठल्या. अक्का कुंकवाचा करंडा घेऊन पुढे झाल्या तर त्या "नंतर, नंतर" म्हणत मागे सरकल्या आणि चप्पल हातात घेऊन गेल्या. सवाष्ण बाई कुंकू न घेता घरातून गेली. अक्का करंडा धरून तशाच उभ्या.

"बोटं बघितलीस का तिची?" अण्णा मला म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "तुझी पण. पार आत!"

मी त्यांना नको ते बोलले. तुम्ही शब्द दिला होता, ही बहीण आहे तुमची, तुम्हाला लाज नाही का. ते ऐकून घेत होते, लहान पोराला समजवावं तसे मान हलवत होते. मग म्हणाले, "मी सगळं दाखवलं की नाही? मांजा दाखवला, धोतर दाखवलं. अक्काचं एक वाक्य तरी कापलं का? ती म्हणाली भूत नाही, मी तेच ठेवलं." आणि खरंच त्यांना वाटत होतं की आपण शब्द पाळला. त्या माणसाशी भांडता येत नसे ते यामुळे.

अक्का फक्त एवढंच म्हणाल्या, "तम्मा, राणी कुठे ठेवलीस? पेटीत दिसली नाही." अण्णांनी ती आपल्या पिशवीतून काढून दिली.

आणि दसऱ्याला माणसं आली. अक्कांनी मागितलं होतं तसंच झालं, माणसं आली. पहिल्या संध्याकाळी थोडी, मग रोज जास्त, चौथ्या दिवशी तर फाटकाबाहेर रांग. दुरून दुरून आली होती. कुणीतरी होसकोट्याहून बसने आल्याचं सांगत होतं. कॉलेजची पोरं स्कूटर लावून आत यायची, "यावुदु, यावुदु?" कुठली ती, असं विचारत राणीकडे बोट करायची, एकमेकांना ढकलायची, किंचाळायची. अण्णा फाटकाशी उभे राहून सगळ्यांना आत घेत होते, आणि बाहेर पडणाऱ्यांना विचारत होते, नेमकं कुठे घाबरलात? खोलीतली ट्यूब त्यांनी काढून टाकली होती, पायऱ्यांच्या खाली एक पिवळा बल्ब ठेवला होता.

अक्का जरीची साडी नेसून कुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या. प्रत्येक बाईपुढे ताट धरत होत्या. "बेडा अक्का, बेडा," नको नको करत बायका हात मागे घ्यायच्या. एका छोट्या मुलीने उसळीच्या द्रोणाला हात लावला तर तिच्या आईने तो हातातून हिसकावून खाली ठेवला आणि पदराने मुलीची बोटं पुसली. गल्लीतलं कुणी नव्हतं. टीचरम्मा शेजारच्या गच्चीवरून बघत होत्या.

त्या मुलीची बोटं पुसलेली बघून अक्कांनी ताट खाली ठेवलं. बाहेरच्या खोलीतला मोठा दिवा लावला, दार सताड उघडलं, म्हणजे सगळीकडे उजेड झाला. मग स्टुलावर चढून त्यांनी राजाची बाहुली उचलली आणि पायरीवर आडवी केली. विजयादशमीच्या रात्री बाहुली आडवी करतात, म्हणजे सण संपला, बाहुल्या झोपल्या, आता पेटीत जायचं. मधल्या दिवशी असं कुणी करत नाही. आलेल्या लोकांपैकी बायांना ते कळलं आणि त्या गप्प होऊन बाहेर पडल्या. त्यांच्या मागून पोरंही गेली. खोली रिकामी झाली. अक्का स्टुलावरून उतरून पायरीला हात टेकून उभ्या राहिल्या, हात थरथरत होता.

अण्णा धावत आत आले. "काय झालं? का गेले सगळे?" मग त्यांनी आडवी बाहुली पाहिली. अक्कांचा हात पाहिला. मला वाटलं, आता तरी. माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा चेहरा बदलला आणि क्षणभर मला खरंच वाटलं की यांना कळलं.

ते आतून कॅमेरा घेऊन आले. पट्टा खांद्यावर टाकत, अगदी हळू, आर्जवाने म्हणाले, "अक्का, परत उभी कर ना गं. मी बाहेर होतो. तिसऱ्या भागाचा शेवट आहे हा. हात असाच थरथरू दे."

"अण्णा, बाहेर व्हा," मी ओरडले. त्यांनी ऐकलंच नाही. ते फरशीवर उभं राहायला जागा शोधत होते.

अक्का भावाकडे बघत राहिल्या. मी वाट बघत होते की आता त्या कॅमेरा हिसकावतील, अण्णांच्या एक थोबाडीत देतील. त्यांनी पदर सारखा केला.

"समोरून घेतोस का पाठीमागून?" त्यांनी विचारलं, आणि स्टुलावर चढून राजाला परत उभं केलं.